आग्रह

माहेरी काय आणि सासरी काय, पंगतीत आग्रह करण्याचे काम नेहमी माझ्याकडे असे. वाढणारे हात पुष्कळ होते, पण आग्रह ही वाढण्याहून निराळी विद्या आहे. पाहुण्याने पानावर आडवा हात धरला, की त्यातला खरा किती आणि भिडेचा किती हे ओळखावे लागते. त्या हाताच्या कोणत्या बाजूने जिलबी पानात सोडावी हे ठाऊक असावे लागते. आणि ‘एवढी एक लेकीच्या नावाने’ असे म्हटले की समोरच्याला नाही म्हणता येणार नाही, अशी खात्री असावी लागते. या विद्येत मी तरबेज होते. माझ्या पंगतीतून कोणी अर्धपोटी उठला असे कधी झाले नाही. जे पोट धरून उठले त्यांचा हिशेब आम्ही ठेवला नाही.

हे आज आठवण्याचे कारण एक साप आहे. दिवाळीच्या दिवसांत, फराळाच्या ताटाशेजारी, सापाचे नाव काढल्याबद्दल वाचकांनी मला क्षमा करावी. पण जी गोष्ट मला सत्तर वर्षांत माणसांनी शिकवली नाही, ती या सापाने पंधरा दिवसांत शिकवली, आणि ती खाण्यापिण्याचीच असल्यामुळे सणाला अगदीच विजोड होणार नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मी इंग्लंडात लेस्टरला मुलीकडे गेले होते. अकरा वर्षांच्या नातवाने विमानतळावरच सांगितले, “आजी, माझ्या खोलीत जिलबी आहे.” मला वाटले, पोराने माझ्यासाठी खाऊ आणून ठेवला. घरी जाऊन पाहते तो काचेची पेटी, आत लाकडाचा भुसा, पाण्याची वाटी आणि वाटीमागे वेटोळे घालून बसलेले शिसपेन्सिलीएवढ्या जाडीचे एक नारिंगी जनावर. सांगलीच्या एका लग्नात त्याने पोटभर जिलब्या खाल्ल्या होत्या. तो रंग आणि ते वेटोळे पाहून त्याला दुसरे नाव सुचलेच नाही.

ही जात मूळची अमेरिकेच्या आग्नेय भागातली. तिला कॉर्न स्नेक म्हणतात, म्हणजे मक्याचा साप. पोटावर मक्याच्या कणसासारखी चौकटी नक्षी असते म्हणून, किंवा मक्याच्या कोठारांत उंदरांमागे सापडतो म्हणून, असे दोन्ही सांगतात. बिनविषारी, स्वभावाने गरीब, आपल्या धामणीसारखा उंदरांवर जगणारा. पुरा वाढला की चार-पाच फूट होतो आणि नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षे जगतो. जिलबी तेव्हा चार महिन्यांची होती. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने इथले साप घरात पाळता येत नाहीत. तिथे हा साप पाळायला बंदी नाही, पण सोळा वर्षांखालच्या मुलाला प्राणी विकता येत नाही. म्हणून ती जावयांनी विकत घेतली होती आणि कागदोपत्री मालक तेच होते.

सापाची भीती दोन-चार दिवसांत गेली. गेली नाही ती शिसारी, आणि ती सापाची नव्हती, त्याच्या जेवणाची होती. मुलीच्या फ्रीझरमध्ये मी खवून ठेवलेल्या ओल्या नारळाच्या खालच्याच कप्प्यात झाकणाचा एक डबा होता आणि त्यात गोठवलेली उंदराची पिल्ले होती. डोळे न उघडलेली, अंगावर केस नसलेली, गुलाबी, बोटाच्या पेराएवढी. आमच्या घरात तीन पिढ्या अंडेसुद्धा शिजलेले नाही. मी नातवाला म्हटले, “अरे, हिला दुसरे काही चालत नाही का? दूध, पोळीचा कुस्करा?” तो माझ्याकडे पाहतच राहिला. “आजी, सापाला दूध पचतच नाही. तो फक्त प्राणीच खातो. तुम्ही तिकडे खरंच सापाला दूध देता?”

देतो खरे. लहानपणी नागपंचमीला गारुडी दारात येई. आई दुधाची वाटी पुढे करी आणि नाग त्यात तोंड घाली. आम्ही हात जोडून म्हणायचो, देव दूध प्याला. पुढे मोठेपणी कळले, की सणाआधी कित्येक दिवस त्या नागाला पाण्याचा थेंब देत नाहीत. तहानेने कासावीस झालेला जीव समोर येईल ते ओले पितो. ते दूध त्याला पचत नाही, फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते. आईच्या मनात भक्तीच होती, यात मला शंका नाही. पण त्या भक्तीने नागाला काय हवे आहे हे एकदाही विचारले नव्हते. नातवाला मी एवढेच म्हटले, “देत होतो. चुकत होतो.” ते म्हणताना मला जरा बरेही वाटले. दुसऱ्याची चूक कबूल करणे सोपे असते.

सहा-सात दिवसांतून एकदा जिलबीचे जेवण असे. नातू एक पिल्लू कोमट पाण्यात ठेवून वितळवी, चिमट्यात धरून पेटीत नेई. जिलबी आधी जीभ लवलवून वास घेई, मग झडप घाली आणि डोक्याकडून ते गिळायला लागे. दीड-दोन ग्रॅमचा तो घास तिच्या मानेतून उतरताना स्पष्ट दिसे. मग पोटाशी एक फुगवटा येई आणि ती पेटीच्या उबेच्या बाजूला जाऊन पडून राही. पेटीच्या एका अर्ध्याखाली विजेवर तापणारी पातळ चटई होती. तिकडे एकोणतीस-तीस अंश ऊब, तर दुसऱ्या टोकाला चोवीसच्या आसपास. पहिल्या वेळी मी तोंड फिरवले. दुसऱ्या वेळी पाहिले. तिसऱ्या वेळी मीच विचारले, “एवढ्याने हिचे पोट भरते?” माझ्यातली वाढपीण जागी झाली होती.

डिसेंबरात नातू शाळेबरोबर पाच दिवसांच्या सहलीला गेला. जावई कामासाठी परगावी होते आणि मुलीचा दिवस नोकरीत जाई. जिलबीचे जेवण माझ्याकडे आले. जाताना नातवाने कागदावर लिहून दिले: गुरुवारी एकच पिल्लू, लहान. नंतर दोन दिवस हात लावायचा नाही. मी तो कागद वाचला आणि मनात म्हटले, पोर अजून लहान आहे. आठवड्याला एक घास हा काय आहार झाला?

गुरुवारी जिलबीने पिल्लू खाल्ले आणि नेहमीसारखी स्वस्थ न बसता पेटीभर फिरू लागली. मला वाटले, हात आडवा आहे पण भिडेचा आहे. मी डब्यातून दुसरे काढले, आणि तेही जरा मोठे, पाठीवर लव आलेले. तिने तेही घेतले. मला जो आनंद झाला तो मी लपवणार नाही. पंगतीत कोणी शेवटची जिलबी खाल्ली की होतो तोच. दुसऱ्या दिवशी पाणी बदलताना तिला उचलून पाहिले, कारण ती आता मला भीत नव्हती, निदान मी तिला भीत नव्हते. आणि त्याच संध्याकाळी, खोलीत कोणी नसताना भिंतीवरची दोन-तीन बटणे चालू दिसली, ती मी बंद केली. रिकाम्या खोलीत वीज जळू द्यायची नाही ही आमच्या घरची शिस्त. त्यातले एक बटण त्या चटईचे होते.

शनिवारी सकाळी खोलीचे दार उघडले आणि वासाने मी मागे सरले. भुशावर दोन्ही पिल्ले पडली होती, अर्धवट विरघळलेली, ओळखू येतील न येतील अशी. जिलबी थंड कोपऱ्यात पडली होती. ती नेहमी वेटोळे घाली, आज ती दोरीसारखी सैल होती.

आता वाचकांनी माझी लाज समजून घ्यावी. मी पस्तीस वर्षे शाळेत शास्त्र शिकवले. ‘थंड रक्ताचे प्राणी’ हा धडा मी किती वर्गांना शिकवला असेन त्याची गणती नाही. अशा प्राण्याला स्वतःची ऊब तयार करता येत नाही, ती बाहेरून घ्यावी लागते, हे मी फळ्यावर लिहिलेले आहे. त्या वाक्याचा अर्थ मला त्या सकाळी कळला. आपले पोट आपल्याच उबेवर अन्न शिजवते. सापाच्या पोटाला चूल बाहेरची लागते. चूल विझली की पाचकरस मंदावतात, गिळलेले पचण्याऐवजी पोटातच कुजू लागते, आणि ते विष होण्याआधी शरीर ते परत टाकते. रानातला साप जेवल्यावर स्वतः ऊन शोधतो, तापलेल्या दगडावर जाऊन पडतो. जिलबीचे ऊन भिंतीवरच्या बटणात होते आणि ते बटण माझ्या हातात होते.

मुलगी मला आणि जिलबीला घेऊन जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी शांतपणे सगळे विचारले. मी काही लपवले नाही. मोठा घास, जेवणानंतर हाताळणे आणि थंडी, कोवळ्या सापाने ओकण्याची नेहमीची कारणे हीच तीन आहेत आणि मी दोन दिवसांत तिन्ही पुरी केली होती. त्या म्हणाल्या, जे बाहेर आले त्याबरोबर जठरातले आम्लही गेले, पचनाला लागणारे जिवाणू गेले, अन्ननलिका आतून पोळली. आता हिला भूक लागलेली दिसेल, तुम्हाला द्यावेसे वाटेल. लगेच दिलेत तर पुन्हा ओकेल, आणि एवढ्या लहान जिवाला दुसरी-तिसरी वेळ सोसत नाही. निदान दहा दिवस, चौदा असले तर उत्तम, काही द्यायचे नाही. पाणी, ऊब, लपायला जागा, बस्स. नंतर नेहमीच्या निम्मा घास.

मी विचारले, “आणि औषध?”

“हेच औषध,” त्या म्हणाल्या. “काही न करणे.”

नातू सहलीहून आला तेव्हा त्याला सांगणे सर्वांत अवघड गेले. तो रडला नाही, रागावलाही नाही. फक्त विचारले, “आजी, कागदावर लिहिलं होतं ना?” मी म्हटले, “लिहिलं होतंस. मला वाटलं, मला जास्त कळतं.” आम्ही दोघांनी मिळून एका नारळाची करवंटी घासून गुळगुळीत केली, तिला दार पाडले आणि पेटीच्या उबेच्या बाजूला उपडी घातली. जिलबी त्यात शिरली आणि पुढचे पुष्कळसे दिवस तिथेच राहिली.

ते चौदा दिवस मला फार जड गेले. कोणाला काही करून घालणे मला आयुष्यभर जमले आहे, न घालता जवळ बसणे कधी जमले नव्हते. पाचव्या-सहाव्या दिवशी ती करवंटीतून डोके काढून जीभ लवलवी. मला वाटे, मागते आहे. नातू म्हणे, “आजी, नाही.” मी खुर्चीवर हात बांधून बसे. आणि रिकाम्या हातांनी बसले की जे आठवू नये ते आठवते.

माझे यजमान नऊ वर्षांपूर्वी पोटाच्या कर्करोगाने गेले. शेवटच्या महिन्यात त्यांचे अन्न सुटत चालले. मी मऊ भात करी, मुगाचे कढण करी, साबुदाण्याची पेज करी आणि चमचा घेऊन बसे. ते मान वळवत. मी म्हणे, एवढा एक माझ्यासाठी. ते माझ्याकडे पाहत आणि तोंड उघडत. रात्री सगळे उलटून पडे. सकाळी मी पुन्हा चूल पेटवी. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले होते, की अखेरच्या दिवसांत शरीर आपण होऊन अन्न नाकारते, न खाल्ल्यामुळे ते जात नाहीत, जायला निघाले आहेत म्हणून खात नाहीत. ओठ ओले ठेवा, जवळ बसा, बळजबरी करू नका. मी ऐकून घेतले आणि ऐकले नाही. मला वाटे, बायको असून मी नुसती बसून राहू? लोक काय म्हणतील, हा विचार मनात नव्हता असे मी म्हणणार नाही. पण त्याहून मोठी गोष्ट ही होती, की चमचा हातात असला म्हणजे मला धीर येई. तो घास त्यांच्या भुकेसाठी नव्हता. तो माझ्या भीतीला दिलेला घास होता, आणि तो त्यांना गिळावा लागत होता.

जिलबीने आणि त्यांनी, दोघांनीही माझ्या हातचे खाल्ले आणि टाकले. फरक एवढाच, की सापाला माझी भीड नव्हती. ती मला बरे वाटावे म्हणून खात नव्हती. तिच्या डोळ्यांत माफी नव्हती आणि रागही नव्हता. माणसे आपल्या आग्रहाला भिडेने पांघरूण घालतात, म्हणून आपला आग्रह कधी उघडा पडत नाही. मुके जनावर ते पांघरूण घालत नाही.

मग आग्रह वाईटच का? मी त्या करवंटीकडे पाहत याचा पुष्कळ विचार केला, आणि मला तसे वाटत नाही. 1972 च्या दुष्काळात आटपाडीकडून आमचे एक लांबचे नातलग लहान मुलाला घेऊन सांगलीला आले होते. तिकडे लोक खडी फोडायला जात होते आणि मिलोच्या भाकरीवर दिवस काढत होते. आईने पाने मांडली. ते गृहस्थ दुसऱ्या भाकरीलाच म्हणाले, पुरे वहिनी, आम्ही जेवून निघालो होतो. आईने काही न बोलता तिसरी वाढली, मग चौथी, आणि मुलाच्या पानात भाताचा डोंगर केला. ते खाली मान घालून जेवले. त्या दिवशी आई आग्रह करत नव्हती, ऐकत होती. तोंड ‘पुरे’ म्हणत होते आणि पोट ‘नको थांबवू’ म्हणत होते. आईने पोटाचे ऐकले. मागितल्याशिवाय मिळावे, आणि मागावे लागल्याची शरम उरू नये, एवढ्यासाठी आपल्या लोकांनी आग्रहाची रीत काढली असावी. आग्रह म्हणजे मुळात बारीक कानाने ऐकणे होते. पुढे टंचाई गेली, ऐकणे गेले आणि नुसते वाढणे उरले. माझ्याकडे आली ती ही उरलेली रीत.

पेटीतल्या जिवाकडे कान देऊन पाहिले असते तर तिनेही सांगितलेच होते. ती जेवल्यावर भूक लागून फिरत नव्हती, कदाचित ऊब शोधत होती, कदाचित लपायला जागा. मी माझ्या भाषेत अर्थ लावला, आणि माझ्या भाषेत सगळ्या हालचालींचा अर्थ ‘आणखी वाढा’ एवढाच होतो.

जावई परत आल्यावर त्यांनी मला अजगरावरच्या संशोधनाची गोष्ट सांगितली. अजगर महिनोन्‌महिने उपाशी राहतो तेव्हा त्याचे आतडे आकसून जवळजवळ झोपी जाते. मोठे भक्ष्य पोटात गेले की एक-दोन दिवसांत ते पुन्हा वाढते. 2005 साली शास्त्रज्ञांना असेही दिसले, की ब्रह्मी अजगराचा हृदयाचा स्नायू जेवणानंतर दोन दिवसांत चाळीस टक्क्यांनी वाढतो आणि पचन संपले की पुन्हा कमी होतो. वरचेवर खाणाऱ्या सापांत ही उलथापालथ इतकी मोठी नसते. पण त्यावरून माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. आपल्याला वाटते, देणाऱ्याने दिले की काम संपले. घेणाऱ्याच्या देहात ते तिथे सुरू होते. सापाच्या अंगात प्रत्येक जेवण म्हणजे एक लग्नघर आहे, सगळे अवयव कामाला जुंपलेले. आदल्या मांडवातली पाने उचलली नाहीत तोच दुसरा मांडव घालणाऱ्याला कोणी प्रेमळ म्हणेल का?

आणि ती दोन पिल्ले? त्यांचा हिशेब मला चुकवता येत नाही. शिबी राजाची गोष्ट मी मुलांना दर वर्षी सांगत असे. कबुतर वाचवायचे आणि ससाण्यालाही उपाशी ठेवायचे नाही, म्हणून राजाने स्वतःचे मांस तराजूत घातले. मी कोणाचे घातले? डब्यातले, जे माझे नव्हते. ही पिल्ले त्यासाठीच वाढवतात, वायूने मारतात आणि गोठवून विकतात. ते काम कोणीतरी आपल्या नजरेआड करतो म्हणून आपले हात स्वच्छ राहतात. नातवाला मी एकदा विचारले, “उंदराचे वाईट नाही वाटत?” तो म्हणाला, “वाटतं. म्हणून मी एकच देतो.”

या उत्तरावर मला आजवर काही बोलता आलेले नाही. जिलबीला जगायचे तर कोणीतरी मरणार, हे तिने ठरवलेले नाही, आणि तिला कडधान्यावर आणण्याचा हट्ट म्हणजे पुन्हा नागपंचमीचे दूध. पण एका जिवाच्या मोलाने आलेला घास तिच्या गरजेपुरताच असला पाहिजे. गरजेपुरत्या घासाचे काहीतरी समर्थन देता येईल. गरजेवरच्या घासाचे कोणते देणार? माझ्या हातून दोन जीव तिच्या पोटातही राहिले नाहीत, ते नुसत्या माझ्या हौसेपायी गेले. मी शाकाहारी असल्याचा अभिमान त्या शनिवारी भुशात पडला होता.

कोणी म्हणेल, मग साप पाळायचाच कशाला? मला विचारले असते तर मी पाळू नका म्हटले असते, आजही म्हणेन. ज्या जिवाला आपण काचेत ठेवतो त्याचे ऊन, त्याची शिकार, त्याची पळवाट असे सगळे काढून घेतो. पण घरात आलेला जीव आता पंधरा वर्षे असणार, कदाचित माझ्यानंतरही. त्याच्याबाबत आपले काय कर्तव्य? इंग्लंडात 2006 सालचा प्राणीकल्याणाचा कायदा आहे. जावयांनी त्यातले कलम मला वाचून दाखवले. पाळणाऱ्याने प्राण्याला योग्य जागा द्यावी, योग्य आहार द्यावा, त्याला स्वभावाप्रमाणे वागता यावे, इतरांसोबत की एकटे ठेवायचे ते पाहावे, वेदना आणि रोग यांपासून जपावे. मी म्हटले, यात प्रेमाचा शब्द कुठे नाही. ते म्हणाले, नाही, फक्त गरजांचा आहे. तेव्हा मला ते कोरडे वाटले. आता वाटते, कायदा करणाऱ्यांना माझ्यासारख्यांची ओळख असावी. प्रेम आहे की नाही ते देणाऱ्याला विचारावे लागते. गरज घेणाऱ्याकडे पाहून कळते.

पंधराव्या दिवशी नातवाने डब्यातले सर्वांत लहान पिल्लू काढले, त्याचे दोन भाग केले आणि एकच चिमट्यात धरला. मी दाराशी उभी राहिले. जिलबीने बराच वेळ वास घेतला, मग हळूच घेतले. आम्ही पेटीवर फडके टाकले आणि खोलीबाहेर आलो. त्या दोन रात्री मी तीन-तीनदा उठून फक्त भिंतीवरचे बटण पाहून येत होते. पेटीत पाहिले नाही.

सहाव्या दिवशी सकाळी नातू ओरडत जिन्यावरून खाली आला, “आजी, शी केली!” आम्ही सगळे चहा टाकून वर धावलो. भुशावर एक काळसर ठिपका आणि त्याला लागून खडूसारखा पांढरा भाग होता. चार शहाणी माणसे त्याकडे डोळे भरून पाहत उभी होती. माझी मुलगी तान्ही असताना तिचे पोट तीन दिवसांनी साफ झाले तेव्हा घरात असाच आनंद झाला होता. पोटात गेले, राहिले, पचले आणि बाहेर आले, अन्नाचा एवढा साधा प्रवास नीट होणे ही केवढी कृपा आहे, हे आपल्याला आजारपणाशिवाय कळत नाही.

मी फेब्रुवारीत परत आले. गेल्या दिवाळीला नातवाने फोनवर जिलबी दाखवली. आता ती हातभर लांब झाली आहे, अंगठ्याएवढी जाड. त्याने विचारले, “आजी, हिला आता एकाऐवजी दोन चालतील का ग?” मी म्हटले, “मला विचारू नकोस. तिच्याकडे बघ.”

त्याच दुपारी घरी पंगत होती. माझे धाकटे दीर आले होते. त्यांना आता साखरेचा विकार आहे, आणि माझ्या हाताला जुनी सवय आहे. करंज्यांचे ताट घेऊन मी त्यांच्यापुढे वाकले. त्यांनी पानावर हात आडवा धरला आणि मान वर करून माझ्याकडे पाहिले. त्यांना ठाऊक होते, आता मी लेकीचे नाव घेणार. मी त्या हाताकडे नीट पाहिले. तो खरा होता.

मी ताट खाली ठेवले आणि त्यांच्याशेजारी पाटावर बसले. ते जरा गोंधळले. मग म्हणाले, “वहिनी, आज तुम्ही आमच्याबरोबरच जेवा.” इतक्या वर्षांत मला कोणी असे म्हटले नव्हते. म्हणणार कसे? मी कधी बसलेच नव्हते.